बसायचे कोणी? मैदानापासून स्टेडियमपर्यंत आसनांचा इतिहास

स्टेडियमचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण खेळपट्टीपासून सुरुवात करतात. कोणी किती धावा काढल्या, कोणी किती बळी घेतले, कोणता सामना कसा फिरला, याच्या नोंदी आपल्याकडे भरपूर आहेत. पण तो सामना पाहायला कोण बसले होते, कुठे बसले होते, किती पैसे मोजून बसले होते आणि कोणाला दारातूनच परतावे लागले, याची नोंद कोणी फारशी ठेवलेली नाही. प्रस्तुत लेख त्या बाजूने लिहिला आहे. पायरी, छप्पर, खुर्ची, जाळी, दरवाजा अशा स्टेडियममधल्या प्रत्येक सोयीमागे ‘बसायचे कोणी?’ या प्रश्नाचे कोणीतरी दिलेले उत्तर असते, हे मला त्यात दाखवायचे आहे.

मी राहतो ते भिंगार हे छावणीचे गाव. शेजारी नगरचा किल्ला. १२ ऑगस्ट १८०३ रोजी वेलस्लीने तो घेतला आणि पुढे इथे इंग्रजांची लष्करी छावणी वसली. अमेरिकन लोकही नगरला लवकर आले. अमेरिकन मराठी मिशनचे काम इथे १८३१ मध्ये सुरू झाले. त्यांनी शाळा काढल्या, छापखान्याचे महत्त्व पटवून दिले. खेळ मात्र रुजला तो छावणीतल्या इंग्रजांचा. अमेरिकनांचा बेसबॉल आपल्याकडे आला तो फार उशिरा, शालेय स्पर्धांच्या यादीतून. चुन्याने आखलेल्या रेषा, चार कोपऱ्यांवर चार तळ, आणि बघणारी मुले रेषेबाहेर उकिडवी बसलेली, एवढेच त्याचे आपल्याकडचे रूप. पण आज मुंबई-पुण्यात क्रिकेटचे स्टेडियम बांधताना ज्या ‘आधुनिक सोयीं’ची यादी केली जाते, त्यांतल्या बऱ्याच सोयी आधी अमेरिकेच्या बेसबॉल मैदानांवर रुळल्या. वातानुकूलित कक्ष, खाण्याचे गाळे, खेळाडूंचे पुतळे, संग्रहालय, मोठा पडदा ही त्यांतली ठळक नावे. म्हणून या लेखात कोल्हापूर, मुंबई आणि अमेरिका अशी थोडी ये-जा करावी लागणार आहे. मी विद्यापीठात इतिहास शिकलेलो नाही. जुनी वर्तमानपत्रे, संस्थांच्या स्मरणिका आणि हाती लागतील ती पुस्तके यांवरच माझा अभ्यास चालतो.

आधी दोन्ही खेळांच्या आखणीतला फरक पाहू. बेसबॉलचे मैदान पंख्यासारखे उलगडते. फलंदाज उभा राहतो तो पंख्याच्या मुठीपाशी, म्हणजे एका कोपऱ्यात. सगळा खेळ त्या कोपऱ्यातून सुरू होतो, म्हणून मुठीमागच्या जागा सर्वांत मोलाच्या. चेंडू जिकडे उडून जातो त्या दूरच्या टोकाला पूर्वी नुसत्या फळ्यांची बाके असत. उन्हात ती फिकट पडत, म्हणून त्यांना ‘ब्लीचर्स’ म्हणू लागले. क्रिकेटमध्ये खेळपट्टी मैदानाच्या मध्यावर असते. त्यामुळे सगळीकडून दिसते सारखेच दूर. गोलंदाजाच्या हातामागची जागा तेवढी जाणकारांची, आणि तिथेच बहुधा पॅव्हिलियन. कुस्तीचा हौदा याहून सोपा. तो मधोमध असतो आणि जो जवळ बसेल त्याला जास्त दिसते. खेळाच्या आखणीतूनच चांगली जागा कोणती हे ठरते. ती द्यायची कोणाला, हे मात्र समाज ठरवतो.

आपल्याकडे प्रेक्षकांचा विचार करून बांधलेल्या क्रीडागारात कोल्हापूरच्या खासबाग मैदानाचा मान मोठा आहे. राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेले. त्या प्रवासात त्यांनी रोमचे कोलोसियम पाहिले आणि तसे मैदान आपल्या पैलवानांसाठी व्हावे असे त्यांच्या मनात आले, असे सांगतात. १९१२ मध्ये खासबाग उभे राहिले. मधोमध हौदा, त्याभोवती गोलाकार वर चढत गेलेला उतार. छप्पर नाही, खांब नाही. पुढच्याच्या फेट्यामुळे मागच्याची नजर अडू नये, ही सगळी करामत जमिनीच्या चढानेच साधलेली. हजारोंच्या संख्येने माणूस तिथे मांडी घालून बसतो आणि त्याला हौद्यातला डाव दिसतो. योगायोग असा, की अमेरिकेतले आज वापरात असलेले सर्वांत जुने मोठे बेसबॉल मैदान, बोस्टनचे फेनवे पार्क, हेही २० एप्रिल १९१२ रोजीच सुरू झाले. एक संस्थानिकाने बांधलेले, दुसरे संघमालकाने. फेनवेला तिकीट हाच पाया होता. खासबागचा पाया राजाश्रय. पण दोन्ही ठिकाणी बांधणाऱ्यासमोर एकच प्रश्न होता: शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसेल ना?

क्रिकेटमध्ये हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटला, कारण तिथे आधी आले पॅव्हिलियन आणि प्रेक्षक नंतर. मुंबईच्या एस्प्लनेड मैदानावर एतद्देशीय पोरे क्रिकेट खेळत, आणि त्याच हिरवळीवर गोऱ्या साहेबांची पोलोची घोडी दौडत. १८८०च्या दशकात पारशी खेळाडूंनी त्याविरुद्ध सरकारकडे अर्ज केले. पुढे समुद्रकाठच्या जागेवर पारशी, हिंदू आणि मुसलमान यांच्या वेगवेगळ्या जिमखान्यांना जमिनी मिळाल्या. म्हणजे बसायची सोय झाली, पण ती धर्मवार झाली.

पॅव्हिलियनच्या आतही उंबरे होतेच. पळवणकर बाळू हे त्या काळातले आपले सर्वांत मोठे डावखुरे फिरकी गोलंदाज. चर्मकार समाजातला हा मुलगा पुण्याच्या युरोपियन क्लबात खेळपट्टीची देखभाल करता करता साहेबांना गोलंदाजी टाकू लागला. पुण्याच्या हिंदू संघाने त्याला खेळायला घेतले, कारण त्याच्याशिवाय जिंकणे अवघड होते. पण चहाच्या वेळी इतर खेळाडू पॅव्हिलियनमध्ये, आणि बाळूंचा चहा बाहेर, मातीच्या भांड्यात. रामचंद्र गुहा यांनी हा इतिहास सविस्तर लिहिला आहे. मैदानावर चेंडू सगळ्यांनी एकाच हाताने झेलायचा आणि पॅव्हिलियनच्या पायरीवर मात्र जात आठवायची, असा तो प्रकार. बाळूंना हिंदू संघाचे कर्णधारपद कधीच मिळाले नाही. त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना ते १९२३ मध्ये मिळाले.

यानंतर आले ब्रेबॉर्न स्टेडियम. क्रिकेट क्लब ऑफ इंडियाची स्थापना १९३३ची. बॅकबे इथे समुद्रात भर टाकून मिळवलेल्या जमिनीवर २२ मे १९३६ रोजी गव्हर्नर लॉर्ड ब्रेबॉर्न यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि ७ डिसेंबर १९३७ रोजी लॉर्ड टेनिसन यांच्या संघाविरुद्धच्या सामन्याने मैदान खुले झाले. जमिनीसाठी पैसे हवेत की अमरत्व, असे अँथनी डिमेलो यांनी गव्हर्नरांना विचारल्याचा किस्सा प्रसिद्धच आहे. ग्रेगसन, बॅटली अँड किंग या वास्तुरचनाकारांनी आखलेली ही वास्तू त्या काळी पूर्वेकडचे सर्वांत देखणे क्रिकेट मैदान मानली जाई. क्लबाची इमारत, हिरवळीवरच्या वेताच्या खुर्च्या, खेळाडूंना राहायला तिथेच खोल्या. आजच्या भाषेत ‘सर्व सोयींनी युक्त’.

पण या देखण्या मैदानाच्या पहिल्याच हंगामात वाद पेटला तो आसनांवरून. चौरंगी सामन्यांचे त्या वर्षी पंचरंगी झाले होते. हिंदू, मुसलमान, पारशी आणि युरोपियन यांच्या जोडीला ‘द रेस्ट’ हा पाचवा संघ आला. कोणत्या जिमखान्याच्या वाट्याला किती जागा, यावर बोलणी फिसकटली आणि आपल्याला दिलेल्या जागा पुरेशा नाहीत म्हणून हिंदूंनी १९३७ची स्पर्धा खेळलीच नाही. खेळाडू तयार होते, मैदान तयार होते. अडले ते खुर्च्यांच्या हिशेबावर. हा प्रकार आपल्यापुरताच होता असे नाही. अमेरिकेत सेंट लुईसच्या स्पोर्ट्समन्स पार्कमध्ये काळ्या प्रेक्षकांनी वेगळ्या भागातच बसायचे हा नियम १९४४ पर्यंत होता. रंग असो वा धर्म, समाजात पडलेल्या भिंती स्टेडियममध्ये सिमेंटच्या होतात.

तरी त्याच ब्रेबॉर्नवर डिसेंबर १९४३ मध्ये एक वेगळेच दृश्य दिसले. ‘द रेस्ट’कडून सांगलीच्या विजय हजारे या ख्रिस्ती मराठी खेळाडूने हिंदूंविरुद्ध संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्याने काढल्या. त्याआधी त्याच सामन्यात विजय मर्चंट यांनी नाबाद २५० धावा केल्या होत्या. धर्मवार विभागलेल्या आसनांवरून लोक पाहत होते, पण धावा कोणाच्या हे टाळ्यांना विचारता येत नाही. पंचरंगी सामने पुढे १९४६ नंतर बंद झाले.

स्वातंत्र्यानंतर धर्माची जागा सभासदत्वाने घेतली. ब्रेबॉर्न क्लबाच्या मालकीचे, आणि सामने भरवणारी मुंबई क्रिकेट संघटना वेगळी. दर कसोटीला तिकिटांच्या वाटपावरून दोघांची रस्सीखेच. अखेर बॅरिस्टर शेषराव वानखेडे यांनी स्वतःचेच स्टेडियम बांधायचा निर्णय घेतला. ब्रेबॉर्नपासून एक किलोमीटरच्या आत, चर्चगेटच्या रुळांलगत, शशी प्रभू यांच्या आराखड्यावर वर्षभराहून थोड्या अधिक काळात वानखेडे स्टेडियम उभे राहिले. जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध तिथे पहिली कसोटी झाली आणि क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ धावा केल्या. त्याचे अभिनंदन करायला एक प्रेक्षक आत धावला, पोलिसांनी त्याला मारहाण केली आणि संतापलेल्या लोकांनी नव्या कोऱ्या स्टेडियमची नासधूस केली. म्हणजे एका मैदानाचा जन्म तिकिटांच्या भांडणातून झाला आणि त्याचे बारसे जाळीच्या भांडणाने. प्रेक्षक आणि खेळाडू यांच्यामध्ये उंच जाळ्या का आल्या, हे समजून घ्यायला असे प्रसंग विसरून चालत नाही.

आता थोडे अमेरिकेकडे वळू. १९६५ मध्ये ह्यूस्टनला पूर्ण छप्पर असलेले ॲस्ट्रोडोम सुरू झाले. बाहेर टेक्ससचा उकाडा, आत थंडगार हवा. छपराला पारदर्शक तावदाने होती, म्हणजे आत खरे गवत वाढेल. पण त्या चकाकीत क्षेत्ररक्षकांना उंच उडालेला चेंडू दिसेना. म्हणून तावदाने रंगवली. उजेड कमी झाला, गवत मेले, आणि १९६६ मध्ये तिथे कृत्रिम गवत अंथरले गेले. याच वास्तूत सर्वांत वरच्या मजल्यावर श्रीमंतांसाठी बंद कक्ष होते. पुढे हे कक्ष खाली उतरले, वाढले, आणि स्टेडियमच्या उत्पन्नाचा मोठा आधार झाले. १९९२ मध्ये बाल्टिमोरला कॅम्डन यार्ड्स बांधताना शेजारची रेल्वेची जुनी विटांची वखार न पाडता मैदानाच्या देखाव्यात सामावून घेतली. तेव्हापासून जुन्या वळणाची पण आतून अद्ययावत मैदाने बांधण्याची लाट आली. लोक आता नुसता खेळ पाहायला जात नाहीत. खायला, फिरायला, पुतळ्यापाशी फोटो काढायला, दिवसभर मुलाबाळांसह रमायला जातात.

या सोयींची किंमत जागांनी मोजली. न्यूयॉर्कच्या जुन्या यांकी स्टेडियममध्ये सुमारे ५७ हजार माणसे बसत. २००९ मध्ये शेजारी उभारलेल्या नव्या स्टेडियममध्ये ती संख्या ५० हजारांच्या आसपास आली. मैदानालगतच्या काही आसनांचा दर सुरुवातीला एका सामन्याला अडीच हजार डॉलरच्या घरात ठेवला होता. दूरचित्रवाणीवर नेमक्या त्याच रांगा रिकाम्या दिसू लागल्या, तेव्हा पहिल्याच महिन्यात काही दर निम्म्यावर आणावे लागले.

वानखेडेचेही तेच झाले. २०११च्या विश्वचषकासाठी त्याची पुनर्बांधणी झाली. सिमेंटच्या पायऱ्या जाऊन खुर्च्या आल्या, वर झुलते छप्पर आले, आणि सुमारे ४५ हजारांची क्षमता ३३ हजारांवर आली. २ एप्रिल २०११च्या अंतिम सामन्यासाठी संलग्न क्लब, आंतरराष्ट्रीय परिषद आणि इतर मानकरी यांचे वाटे वजा जाता सर्वसामान्यांच्या विक्रीला सुमारे चार हजार तिकिटे उरल्याचे त्या वेळी जाहीर झाले होते. धोनीचा तो षटकार आपल्यापैकी बहुतेकांनी घरी पाहिला, त्याचे एक कारण हेही आहे. सोय वाढली हे खरेच. सिमेंटवर दिवसभर भाजून निघण्यात काही थोरवी नव्हती. पण खुर्ची रुंद झाली तेव्हा कोणाची जागा गेली, हे विचारायला हवे.

स्टेडियमची आणखी एक शोभा म्हणजे हिरवळ. आमच्यासारख्या दुष्काळी जिल्ह्यातल्या माणसाला तिच्याकडे निव्वळ शोभा म्हणून पाहणे जड जाते. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी जात होते. त्याच वेळी मुंबई, पुण्याजवळचे गहुंजे आणि नागपूर इथल्या मैदानांवर आयपीएलसाठी लागणाऱ्या पाण्याचा प्रश्न जनहित याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. १३ एप्रिलला न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले. सामने थांबवल्याने लातूरच्या नळाला पाणी आले नाही, असे म्हणणारे तेव्हा होते, आणि हिशेबाने ते बरोबरही असेल. पण स्टेडियमच्या भिंतीबाहेरचा माणूस हाही त्या खेळाचा एक पक्ष आहे, हे त्या निकालाने प्रथमच इतक्या स्पष्टपणे मान्य केले. माझ्या मते त्याचे महत्त्व यात आहे.

भिंतीबाहेरच्या माणसाचा विसर पडला की काय होते, ते ४ जून २०२५ रोजी बेंगळुरूला दिसले. चिन्नास्वामी स्टेडियमची क्षमता सुमारे ३५ हजार. विजयोत्सवासाठी तिच्या कितीतरी पट लोक दारांवर लोटले आणि चेंगराचेंगरीत ११ जणांचा जीव गेला. आत जागा किती आणि बाहेर माणसे किती, हा साधा हिशेब होता.

याच दुर्घटनेनंतर महिलांच्या विश्वचषकाचे सामने बेंगळुरूहून नवी मुंबईला हलवले गेले. नेरूळचे डी. वाय. पाटील स्टेडियम २००८चे. त्याचे छप्पर असे तोललेले आहे की मधे खांब नाहीत आणि कोणत्याही खुर्चीवरून मैदान अडत नाही. खासबागेत जे मातीच्या चढाने साधले, ते इथे पोलादाने. या स्पर्धेच्या साखळी सामन्यांचे तिकीट भारतात १०० रुपयांपासून होते. २ नोव्हेंबर २०२५ रोजी अंतिम सामन्यात भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवले तेव्हा स्टेडियम भरून वाहत होते. सांगलीची स्मृती मानधना त्यात होती. विजय हजारे यांच्याच गावची. बायकांचे क्रिकेट बघायला कोण येणार, असे वर्षानुवर्षे विचारले जात होते. दार उघडे ठेवून परवडेल असा दर लावला, की लोक येतात. त्याचे उत्तर इतके सरळ निघाले.

बेसबॉलचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. टेक्ससमधल्या ग्रँड प्रेरी गावात २००८ मध्ये बेसबॉलचे एक छोटे स्टेडियम बांधले होते. तिथला संघ बंद पडला आणि २०२३ मध्ये ते क्रिकेटसाठी बदलून घेतले गेले. पंख्याच्या आकाराचे मैदान गोल करायचे म्हणजे आसनांची सगळी मांडणीच फिरवायची. कोपऱ्यातला खेळ मध्यावर आणायचा. ६ जून २०२४ रोजी तिथेच अमेरिकेने टी-ट्वेंटी विश्वचषकात पाकिस्तानला बरोबरीनंतरच्या जादा षटकात हरवले. ते निर्णायक षटक टाकले मुंबईच्या मैदानांवर वाढलेल्या सौरभ नेत्रावळकरने. एका मराठी मुलाला आपला सर्वांत मोठा दिवस सापडला तो जुन्या बेसबॉल मैदानावर. त्याच स्पर्धेसाठी न्यूयॉर्कजवळ ३४ हजार आसनांचे स्टेडियम काही महिन्यांत जोडून उभे केले आणि स्पर्धा संपताच सुटे करून नेले. गावच्या जत्रेत कुस्त्यांसाठी बांबू-फळ्यांची बैठक बांधून दुसऱ्या दिवशी सोडतात, तशीच ही रीत. मैदान मात्र गावाला परत मिळते.

आमच्या नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, वाडिया पार्क आहे. २०२५च्या आरंभी तिथे महाराष्ट्र केसरीचा आखाडा भरला होता. वानखेडेवर १ नोव्हेंबर २०२३ पासून सचिन तेंडुलकरचा जो पुतळा उभा आहे, तो घडवणारे शिल्पकार प्रमोद कांबळे नगरचेच. म्हणजे आधुनिक स्टेडियमच्या आकर्षणांत आमचाही हातभार आहे. आता तालुक्या-तालुक्यांत क्रीडासंकुलांची मागणी होते, आराखडे काढले जातात, त्यांत गॅलरी, दिवे, पडदा, गाळे सगळे असते. असा आराखडा पुढे आला की तीन गोष्टी आधी विचाराव्यात असे या अभ्यासानंतर मला वाटते. स्वस्तातल्या जागा किती आणि त्यांचा दर काय? हिरवळीला पाणी कोणाच्या वाट्याचे? आणि सामने नसतील त्या ३०० दिवसांत दाराला कुलूप असणार की नाही?

तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. भिंगारसारख्या छावणीच्या गावात मोकळी जमीन नजर पोचेल तिथवर दिसते, पण ती कोणाची हे विचारूनच पाऊल टाकावे लागते. इथली मुले संध्याकाळी जिथे जागा मिळेल तिथे विटांची यष्टी मांडतात. बघणारे कट्ट्यावर बसतात. त्यांना तिकीट नाही, छप्पर नाही, आणि उठवायला कोणी आले नाही तर अंधार पडेपर्यंत खेळ चालतो.